हेड वाकलंय, आता नवीन घालू की भंगारातलं ओरिजिनल?

जुनीचबरी:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी १८ वर्षांची आहे, पेट्रोल, चार सिलिंडर, एकच ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टायमिंग बेल्टवालं इंजिन. चढावर टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला, लगेच बाजूला घेऊन बंद केली, गार झाल्यावर बघितलं तर कूलंट जवळजवळ संपलेलं. टो करून गॅरेजला नेली, त्यांनी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, उतरवलं. हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील करणारं गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधे जळालंय आणि हेड वाकलंय म्हणतात.

आता माझ्यापुढे तीन पर्याय ठेवलेत. एक, भंगारात गेलेल्या सेम मॉडेलच्या गाडीचं हेड, ओरिजिनल आहे पण किती चाललंय कोणाला माहीत नाही. दोन, नवीन कोरं हेड, पण ते कंपनीचं नाही कारण कंपनीने हे हेड बनवणं कधीच बंद केलंय, कुठल्यातरी न ऐकलेल्या मेकचं आहे. तीन, अख्खं सेकंडहँड इंजिनच बसवायचं. मेकॅनिकचा कल तिसऱ्याकडे दिसतोय, कारण गाडी आधीपासून थोडं ऑइल पण पीत होती, आणि एवढं खोललंच आहे तर अर्धवट कशाला करायचं असं त्यांचं म्हणणं. गाडी विकायची नाहीये, अजून पाच सात वर्षं वापरायची आहे. बाकी बेल्ट, वॉटर पंप, बोल्ट, सील यातलं काय जुनं चालेल आणि काय नवीनच घ्यायचं हेही सांगा प्लीज.

नटबोल्ट:
माझं सरळ मत, इंजिनच्या आत जुना पार्ट घालायचाच नाही. बंपर, दरवाजा, आरसा, सीट सेकंडहँड घ्या बिनधास्त. पण इंजिनमधे दुसऱ्याने काढून टाकलेली वस्तू घालायची म्हणजे त्याने ती का काढली ही भानगड आपण पैसे देऊन घरी आणायची. परत खोलायची वेळ आली तर मजुरी परत, गॅस्केट परत, कूलंट परत, ऑइल परत. नवीन हेड घ्या आणि मोकळे व्हा.

लेथवाले_काका:
नटबोल्ट भाऊ, न ऐकलेल्या मेकचं नवीन हेड "घ्या आणि मोकळे व्हा" असं नसतं हो. आमच्याकडे मशीनवर नवीन हेडं पण येतात, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही म्हणून, व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती गाइड सैल म्हणून, नाहीतर कास्टिंगची वाळू पाण्याच्या जॅकेटमधे तशीच राहिली म्हणून. सगळीच तशी असतात असं नाही, चांगले मेकही आहेत, पण नवीन आहे म्हणून न तपासता बसवू नका एवढंच.

जुनीचबरी, मला आधी हे सांगा, वाकलंय म्हणजे किती? कोणी मोजलं की नुसतं डोळ्याने बघून सांगितलं? स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून खालची फट फिलर गेजच्या पातळ पात्यांनी बघायची असते, लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या रेषांवर. बऱ्याच मॅन्युअलमधे लिमिट ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधे बघा, तोच खरा. त्यापेक्षा जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट, करता येतं, फक्त हेडची कमीत कमी जाडी किती राहिली पाहिजे तेही मॅन्युअलमधे दिलेलं असतं आणि आधी कोणी एकदा फेसिंग करून ठेवलंय का तेही बघावं लागतं. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, बेल्टवाल्या बऱ्याच इंजिनांत आधीच जागा कमी असते.

आता जे बरेच जण बघत नाहीत ते सांगतो. कॅम हेडमधेच बसलेला आहे तुमचा. हेड खालून वाकलं म्हणजे वरची कॅमची भोकं पण एका रेषेत राहिली नसतील अशी शक्यता असते. तसं असेल तर खालची बाजू घासून सपाट केली तरी वरचं वाकडंच राहतं, मग कॅम टाइट फिरतो, त्याचे जर्नल (बेअरिंगमधे फिरणारे भाग) खाल्ले जातात, कधी कॅमच तुटतो. म्हणून रॉकर आणि सगळं काढून नुसता कॅम बसवायचा, कॅप टॉर्कला टाइट करायच्या आणि हाताने फिरवून बघायचा. लोण्यासारखा फिरला पाहिजे. अडकला तर आधी हेड सरळ करावं लागतं, फेसिंग नंतर.

त्यानंतर प्रेशर टेस्ट. पाण्याचे रस्ते बंद करून हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं, गरमच पाहिजे कारण बारीक क्रॅक गार असताना बंद असतो. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली पट्टी आणि प्लगच्या भोकाजवळ विशेष बघायला सांगा. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, ते हार्डनेस टेस्टला कळतं. मऊ पडलेलं हेड कितीही घासा, गॅस्केट परत जाणार, ते भंगारच.

या तिन्हीत पास झालं तर तुमचंच हेड वापरा. मी नेहमी म्हणतो, पहिला सेकंडहँड पार्ट बघायचा तो आपल्याच गाडीतला, कारण त्याची हिस्ट्री आपल्याला ठाऊक असते. हा चौथा पर्याय तुम्हाला कोणी दिलाच नाही याचं मला आश्चर्य वाटतंय.

आणि मुळात गरम का झाली ते शोधलं का? कूलंट गेलं कुठे? रेडिएटर, होज, फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर कॅप यापैकी कोणीतरी गुन्हेगार आहे आणि तो अजून गाडीतच बसलाय.

जुनीचबरी:
काका, एवढं सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. नाही, मोजलेलं नाही, स्टीलची पट्टी ठेवून उजेड दिसतो असं दाखवलं मला. उद्याच हेड उचलून मशीनवाल्याकडे देतो. कूलंटचं म्हणाल तर वॉटर पंपच्या खाली वाळलेल्या गुलाबी रेघा आहेत, कधीपासून होत्या देव जाणे.

लेथवाले_काका:
मग पंपच. पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून गळतं, मुद्दाम ठेवलेलं असतं ते. तुमचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो का बघा, तसा असेल तर बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप सगळं एकत्र नवीन, यात दुसरा विचारच नाही.

पार्टनंबर_द्या:
नवीन की जुना या वादात एक गोष्ट मिसळून जाते ती वेगळी करतो. बाजारात "नवीन" चार प्रकारचं मिळतं. गाडीच्या कंपनीच्या डब्यातलं, तोच पार्ट मुळात बनवून कंपनीला पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातलं, तिसऱ्याच कोणी बनवलेलं, आणि चौथं म्हणजे पहिल्या दोघांचा डबा छापून आत काहीही भरलेलं. पहिल्या दोघांत बऱ्याचदा फरक फक्त डब्याचा असतो. बॉश, डेन्सो, एनजीके, माले, गेट्स, एसकेएफ हे लोक गाड्यांच्या कंपन्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. तिसऱ्यात चांगलंही आहे, टाकाऊही आहे. चौथ्यापेक्षा मी भंगारातला ओरिजिनल केव्हाही घेईन, निदान तो खरा असतो आणि मोजता येतो.

मागताना मॉडेलचं नाव आणि साल सांगून मागू नका. एकाच मॉडेलमधे एकाच वर्षात मधेच इंजिनमधे बदल झालेले असतात. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, जुन्या पार्टवर कोरलेला नंबर जुळवा. जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवीन आलेला असू शकतो, कॅटलॉगमधे ती साखळी सापडते, मग दुकानदार "हा तुमचा नाही" म्हणाला तरी घाबरायचं कारण नाही. पार्ट हातात आला की जुन्याशेजारी ठेवून बघा, वजन, कडा, भोकांची जागा, नंबर नीट कोरलाय का. बनावट मालात कडेला धारदार खरखर (बर) राहिलेली असते आणि छपाई फिकट किंवा स्पेलिंग चुकीचं असतं.

अजून एक, जुन्या गाड्यांच्या लोकांना "जुन्या स्टॉकमधला नवीन, सीलपॅक" फार आवडतो. लोखंडी पार्ट असेल तर जरूर घ्या. पण रबर असेल तर नको, बेल्ट, ऑइल सील, होज, ओ रिंग दुकानात पडूनसुद्धा म्हातारे होतात. बेल्टवर तारखेचा कोड असतो, तो वाचून घ्या. कॉर्कची गॅस्केटं पण सुकून चुरा होतात.

नटबोल्ट:
बनावटीचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मजुरीचा मुद्दा कोणी खोडलेला नाही. हेडच्या आत जे जातं ते गेलं तर परत सगळं खोलणं आलं. म्हणून मी पार्टची किंमत बघत नाही, तो बदलायला काय काय खोलावं लागतं ते बघतो. अल्टरनेटर, स्टार्टर, थ्रॉटल बॉडी, इनटेक मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हर, ब्रॅकेट, पुली हे बाहेरून चार बोल्टांत निघतं, ते सेकंडहँड घेतलं आणि फसलं तरी एखादी दुपार गेली, संपलं.

लेथवाले_काका:
हे पटलं. माझी पद्धत त्यालाच जोडून सांगतो. पार्ट मोजून किंवा टेस्ट करून कळतो का? क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, कळतो, मायक्रोमीटर लावला की जर्नल गोल आहे की नाही सगळं समोर, घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ (मूळ मापापेक्षा बारीक) केला आणि त्याच मापाचे नवीन बेअरिंग घातले की परत आयुष्य. ब्लॉक कळतो, बोअर (सिलिंडरचं भोक) गेजने मोजून. कनेक्टिंग रॉड कळतो. हे जुने बिनधास्त घ्यावेत. पण रॉडची कॅप त्याच रॉडची पाहिजे आणि मेन बेअरिंगच्या कॅपा त्याच ब्लॉकच्या, कारण जोडूनच बोअर केलेल्या असतात, एकीची दुसरीला चालत नाही. भंगारवाल्याने कॅपा एका बादलीत आणि ब्लॉक दुसरीकडे ठेवलेले असतील तर तो ब्लॉक घेऊ नका.

आणि जे झिजायलाच बनवलंय किंवा ताणायलाच बनवलंय ते नवीन. रिंगा, बेअरिंग शेल, गॅस्केट, सील, बेल्ट, थर्मोस्टॅट. हेड बोल्ट जर अंशात टाइट करायचे असतील, म्हणजे आधी ठराविक न्यूटन मीटर आणि मग ९० अंश असं काही, तर ते बहुतेक ताणले जाणारे बोल्ट असतात, मॅन्युअलमधे एकदाच वापरायचे लिहिलेलं असेल तर नवीनच. याच्यात वाचवून काहीच हाती लागत नाही.

कॅम आणि टॅपेट याबाबत जरा सावध. सरकणारे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले तुकडे) असतील तर ते आणि कॅमचे लोब (उंचवटे) एकमेकांना घासून जुळलेले असतात, काढताना कुठला कुठे होता तो क्रम ठेवायचा. वेगळ्या गाडीचा जुना कॅम आणि तुमचे जुने टॅपेट अशी खिचडी करायची नाही. जुना कॅम घ्यायचाच तर त्याच्याच टॅपेटसकट, त्याच क्रमाने.

निळाधूर:
मला ऑइल पिण्याबद्दल विचारायचंय कारण अख्ख्या इंजिनचा विषय तिथूनच निघालाय. धूर कधी यायचा ते सांगा ना. सकाळी पहिल्या स्टार्टला भक्कन निळा येऊन मग थांबतो का? किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की? तसं असेल तर व्हॉल्व्ह स्टेम सील, ती रबरं कडक झालेली असतात, हेड खाली आहेच तर ती बदलणं म्हणजे त्यातच होऊन जाणारं काम. चढावर लोडमधे दाबल्यावर सतत निळा येत असेल तर रिंगा किंवा बोअर.

जुनीचबरी:
सकाळीच. दोन तीन सेकंद आणि मग गायब. चढावर मागे कधी काही दिसलं नाही, बायको मागच्या गाडीतून येत असते कधी कधी, तिलाही कधी दिसला नाही.

निळाधूर:
मग इंजिन बदलायची घाई नका करू. हेड वर असतं तर कॉम्प्रेशन टेस्ट सांगितली असती, कोरडी आणि मग प्रत्येक सिलिंडरमधे चमचाभर ऑइल टाकून. ऑइलने आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. आता हेड निघालंय तर ते शक्य नाही, पण बोअर उघडा दिसतोय हे त्याहून चांगलं. नख फिरवून बघा वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग थांबते तिथे कडा लागते का. होनिंगच्या, म्हणजे बोअर बनवताना मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघा अजून दिसतात का. झीज वरच्या बाजूला सर्वात जास्त असते, म्हणून बोअर गेजने वर, मधे, खाली, दोन्ही दिशांना मोजायला सांगा.

पार्टनंबर_द्या:
आणि जर कडा लागली तर नुसत्या नवीन रिंगा घालू नका कोणी कितीही म्हणालं तरी. नवीन रिंगेची धार त्या कडेवर आपटते आणि रिंग तुटते. शिवाय बोअर अंडाकृती झालेला असेल तर गोल रिंग त्यात सील होत नाही. तिथे मग बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन नाहीतर दुसरा ब्लॉक.

दुसरं_इंजिन:
मी अख्खं इंजिन घेतलेल्यांपैकी आहे आणि पस्तावलो नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ब्लॉकच गेला असेल, रॉड बाहेर आला असेल किंवा क्रँक, बोअर, हेड सगळंच करायचं असेल तर बऱ्याचदा चालतं इंजिन घेणं सोपं पडतं. पण कुठल्या गाडीतून निघालंय ते बघायचं. मागून ठोकून भंगारात गेलेली गाडी सगळ्यात चांगली, ती ठोकेपर्यंत चालत होती. समोरून ठोकलेलीत रेडिएटर फुटल्यावर किती वेळ चालू राहिली कोण सांगणार. आणि ज्या गाडीला बाहेरून खरचटासुद्धा नाही ती भंगारात का आली याचा जरा विचार करा. पुरात बुडालेली तर नकोच.

बघताना ऑइलचं झाकण उघडा, आत काळा चिखल असेल तर सोडा, पिवळट साय असेल तर पाणी गेलेलं असू शकतं. डिपस्टिक बघा. क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडायला नको. प्लग काढून कॉम्प्रेशन घ्यायला देत असतील तरच व्यवहार, आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ब्लॉकवरचा इंजिन कोड तुमच्याशी जुळतोय का बघा. गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घ्यावा लागतो, विक्रेत्याकडून कागद घेतल्याशिवाय उचलू नका. सेन्सर आणि वायरिंग शक्यतो आपलंच ठेवा, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तोही आपलाच, कारण तो बहुतेक गाड्यांत चावीच्या इमोबिलायझरशी बांधलेला असतो, दुसऱ्या गाडीचा नुसता लावून गाडी सुरू होत नाही.

आणि इंजिन जमिनीवर आहे तोवरच मागचं क्रँक सील, बेल्ट, पंप नवीन घाला. मागचं सील नंतर गळायला लागलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

नटबोल्ट:
टर्बोवाल्यांनी पण वाचावं म्हणून, सेकंडहँड टर्बो कधीच नको, रिकंडिशन केलेला घ्या आणि त्याची ऑइलची नळी नवीन टाका. जुन्या नळीत जळलेलं ऑइल साठलेलं असतं, त्यानेच पहिला टर्बो गेलेला असतो बऱ्याचदा. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरवर जो कोड असतो तो ईसीयूत टाकावा लागतो तेही लक्षात ठेवा. विषयांतर झालं, माफ करा.

जुनीचबरी:
मशीनवाल्याकडून आलो. हेड मधे ०.१२ मिलिमीटर वाकलंय, मॅन्युअलची लिमिट ०.०५. जाडी भरपूर शिल्लक आहे, आधी कधी घासलेलं नाही म्हणाले. कॅम नुसता बसवला तर हाताने फिरतो, कुठे अडत नाही. गरम पाण्यात प्रेशर टेस्ट केली, बुडबुडे नाहीत. हार्डनेस पण त्यांच्या मते ठीक आहे. एक्झॉस्टच्या दोन गाइड सैल निघाल्या, त्या बदलतायत, व्हॉल्व्ह ग्राइंड करून लॅपिंग (सीटशी घासून जुळवणं) करतायत, सील सगळी नवीन. बोअरला कडा जवळजवळ लागत नाही आणि गेजने झीज लिमिटच्या आत आहे, तिरक्या रेघा दिसतायत.

थोडक्यात माझंच हेड राहतंय. मेकॅनिकला सांगितलं तर थोडे नाराज दिसले, पण तयार झाले. बेल्ट किट, पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर कॅप, हेड बोल्ट, गॅस्केट नवीन. थर्मोस्टॅट हाउसिंग खाल्लं गेलंय, ते भंगारातून ओरिजिनल घेतोय, प्लास्टिकचं नाही, ॲल्युमिनियमचं आहे. अजून काही राहिलं का?

लेथवाले_काका:
छान झालं. हाउसिंगचा गॅस्केट बसायचा चेहरा सपाट आहे का बघून घ्या, खड्डे असतील तर घासून मिळेल.

ब्लॉकचा वरचा चेहरापण स्ट्रेट एजने बघायला लावा, सगळे हेड बघतात आणि ब्लॉक विसरतात. जुनं गॅस्केट खरवडताना घासायची खरखरीत चकती लावू देऊ नका, तिची पूड ऑइलमधे जाऊन बेअरिंग खाते, प्लास्टिकची पट्टी आणि केमिकल वापरायला सांगा. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून पूर्ण कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी साठलेलं राहिलं तर बोल्ट घट्ट होताना ते दबून ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि तसं नाही झालं तरी टॉर्क खोटा दाखवतो.

पार्टनंबर_द्या:
रेडिएटर कॅपवर प्रेशर लिहिलेलं असतं, तेवढंच घ्या, "जास्तीचं चांगलं" असं नसतं. ते प्रेशर आहे म्हणून पाणी १०० अंशांच्या बरंच वर जाईपर्यंत उकळत नाही, पण होज आणि रेडिएटर त्याच आकड्याला धरून बनवलेत. होज दाबून बघा, कडक किंवा फुगलेले असतील तर आत्ताच बदला. रेडिएटर आतून साफ करून घ्या, आणि नळाचं पाणी नको, मॅन्युअलमधे सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात.

जुनीचबरी:
होज दोन बदलतोय, वरचा खरंच फुगलाय. शेवटचा प्रश्न, मेकॅनिक म्हणतात हजार किलोमीटरनंतर हेड परत टाइट करायला आणा. आणायची का?

लेथवाले_काका:
ती पद्धत जुन्या कंपोझिट गॅस्केटची आणि साध्या बोल्टची. तुम्ही अंशात टाइट होणारे नवीन बोल्ट घालताय, मॅन्युअलमधे परत टाइट करायला सांगितलेलं नसेल तर हात लावायचा नाही. त्यांना सांगा गाडी आणतो, पण कूलंटची लेव्हल बघायला आणि नवीन पंपाखाली ओलं आहे का ते बघायला.